पोरगा दुबईत, पासबुक नाशकात: वाचकांचे प्रश्न

परदेशात राहणाऱ्यांच्या बँक-व्यवहारांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा दोन वर्षांच्या करारावर दुबईला गेला. कॉलेज रोडच्या शाखेतले त्याचे बचत खाते जसेच्या तसे चालू आहे. बँकेला कळवलेच पाहिजे का? शेजारी म्हणतात, काही होत नाही. (महात्मानगर)

कळवलेच पाहिजे. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीने माणूस त्या दिवसापासून अनिवासी होतो. १८२ दिवसांचा हिशोब आयकरासाठी असतो, त्याची इथे गल्लत करू नका. अनिवासी व्यक्तीला साधे बचत खाते ठेवता येत नाही, ते ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते. परदेशातला पगार भारतात आणायचा तर दुसरे, ‘एनआरई’ खाते उघडावे. दोन्ही रुपयांतच असतात, फरक पैसा कुठून आला याचा. भाडे, लाभांश, जुन्या एफडीचे व्याज असे भारतातले उत्पन्न एनआरओत जाते. एनआरईत परदेशातून आलेला पैसा येतो, तो केव्हाही परत नेता येतो आणि त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के टीडीएस कापते. यूएईचे टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी असल्याचा दाखला, दिला तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तो १२.५ टक्क्यांवर येतो. हे सर्टिफिकेट दरवर्षी नव्याने द्यायचे असते. बहुतेक जण तेच विसरतात.

‘काही होत नाही’ हे शेजाऱ्यांचे म्हणणे रोजच्या व्यवहारापुरते खरे वाटते. अडते ते पुढे, उदाहरणार्थ फ्लॅट विकून रक्कम बाहेर न्यायची वेळ येते तेव्हा. त्या वेळी बँक मागची सगळी वर्षे तपासते आणि निवासी म्हणून चालवलेल्या खात्याचे स्पष्टीकरण मागते. कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत आहे.

कागद लागतात ते असे: पासपोर्ट, व्हिसा किंवा रहिवासी परवाना, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो. मुलगा सुट्टीत येणार असेल तर तेव्हाच शाखेत जाऊन करून घ्यावे, कारण मूळ कागद समोर दाखवता येतात. परदेशातून पाठवायचे तर प्रतींवर तिथला नोटरी, भारतीय वकिलात किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेचा अधिकारी यांपैकी एकाची साक्षांकित सही लागते. सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नाही की कागद परत येतात. दहा वर्षांपूर्वी केलेली सही आज कुणाची तशीच राहिलेली नसते. म्हणून पाठवण्याआधी जुन्या चेकबुकातली सही एकदा पाहून घ्यावी.

खाते क्रमांक तोच राहणार की बदलणार, हे आधी विचारा. काही बँका तोच ठेवतात, काही नवा देतात. नवा दिला तर एलआयसीचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, गृहकर्जाचा ईएमआय, सगळे आदेश नव्याने द्यावे लागतात; नाही तर पुढच्या पाच तारखेला हप्ता बाउन्स. डीमॅट आणि म्युच्युअल फंडाची केवायसीही अनिवासी म्हणून बदला. पीपीएफ जुने असेल तर मुदत संपेपर्यंत चालते, पण मुदत वाढवता येत नाही आणि नवे उघडता येत नाही. पतसंस्थेत एनआरओ खाते होत नाही, तिथली रक्कम बँकेत आणावी.

आणखी एक. आयकर पोर्टलवर मुलाचा दर्जा ‘निवासी’ असेल आणि पॅनला आधार जोडलेले नसेल, तर पॅन निष्क्रिय दाखवते. अनिवासी व्यक्तीला ही जोडणी सक्तीची नाही, पण तो अनिवासी आहे हे विभागाला कळवलेले असावे लागते. निष्क्रिय पॅनवर टीडीएस जास्त दराने कापला जातो.

मुलीने जाताना सही केलेले कोरे चेक आणि एटीएम कार्ड माझ्याकडे ठेवले आहे. घरखर्च त्यातूनच करते. बँकेतल्या मुलीने हे चालणार नाही म्हणून सांगितले. (पंचवटी)

तिने बरोबर सांगितले. कार्ड आणि पिन दुसऱ्याला देणे बँकेच्या अटींविरुद्ध आहे; पैसे गेले तर बँक हात वर करते. कोऱ्या चेकची गोष्ट त्याहून वाईट. चेक हरवला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

सोपा मार्ग सांगतो: तुमच्या स्वतःच्या नावाचे साधे बचत खाते ठेवा आणि मुलीने एनआरईतून दर महिन्याच्या एका तारखेला ठरावीक रक्कम त्यात जाण्याचा स्थायी आदेश द्यावा. मुलीने आईला दिलेल्या पैशांवर आईला कर लागत नाही. तुमच्या खात्यात मुलीचे नाव दुसरे म्हणून ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे दोघींपैकी कुणालाही व्यवहार करता येतील असे, घालता येते. घरखर्चासाठी एवढे पुरे.

मुलीच्याच खात्यातून व्यवहार करायचे असतील तर दोन वाटा आहेत. एक, तिच्या एनआरई किंवा एनआरओत तुम्ही नात्याने दुसऱ्या धारक व्हायचे, पण फक्त ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने. म्हणजे ती हयात असताना एनआरईचे व्यवहार तुम्हाला मुखत्यार म्हणूनच करता येतात. दुसरी, मुखत्यारपत्र. मुखत्यार भारतातली बिले भरू शकतो आणि खातेदाराच्या स्वतःच्या परदेशातल्या खात्यात पैसे पाठवू शकतो. तिच्या वतीने कुणाला बक्षीस देणे, नवे अनिवासी खाते उघडणे किंवा तिसऱ्या माणसाला परदेशात पैसे पाठवणे त्याला जमत नाही.

मुखत्यारपत्र परदेशात केले असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत चुकली की कागद खरा असूनही शाखेत अडकतो. मसुद्यात खाते क्रमांक आणि अधिकार स्पष्ट लिहा. ‘माझे सर्व व्यवहार’ एवढ्यावर बँकेचा कायदा विभाग समाधानी होत नाही. आणि मुखत्यारपत्र खातेदाराच्या मृत्यूबरोबर संपते, म्हणून नामनिर्देशन वेगळे करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात.

मुलगी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला एमएससाठी जाते आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे भरले, तरी पहिला महिना कसा काढायचा? (इंदिरानगर)

पहिला महिना हीच खरी अडचण असते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो असतात, पण दर महिन्याला ९९२ युरोच सुटतात. आणि तेही तिथे चालू खाते उघडून त्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक) दिल्यावर. चालू खात्यासाठी अनेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते, पण मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. तोवर ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे नुसते पाहायचे. त्यात घरमालक अनामत मागतो, जी मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते.

म्हणून ब्लॉक्ड अकाउंटखेरीज निदान दीड ते दोन हजार युरो हाताशी ठेवा. काही फॉरेक्स कार्डवर, काही रोख. परदेशी नोटा एका प्रवासात ३,००० डॉलर एवढ्या मूल्याच्या नेता येतात. जर्मनीत छोट्या दुकानांत अजून रोख किंवा तिथल्या बँकांचे गिरोकार्ड हे डेबिट कार्डच चालते, त्यामुळे नुसत्या कार्डच्या भरवशावर जाऊ नये. तुमच्या भारतीय बँकेचे डेबिट कार्ड असेल तर त्यावर परदेशी वापर आधीच सुरू करून घ्या. नव्या कार्डवर तो बंदच असतो, आणि सुरू करण्याचा ओटीपी परदेशात येईलच असे नाही. एटीएमवर किंवा दुकानात मशीन विचारते, ‘रुपयांत की युरोत?’ युरो निवडा. रुपये निवडले की दर त्या मशीनचा मालक ठरवतो, आणि तो नेहमी त्याच्या फायद्याचा असतो.

पैसे अजून भरले नसतील त्यांच्यासाठी: नेमके ११,९०४ युरो पाठवू नका. वाटेतली बँक तिचे शुल्क कापते, रक्कम वीस-तीस युरोंनी कमी पोहोचते, आणि खाते पुरवणारी कंपनी व्हिसासाठीचे प्रमाणपत्र थांबवते. शाखेतल्या फॉर्मवर ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याचे’ हा पर्याय निवडा. शंभरेक युरो जास्तही ठेवा. कंपनीचे स्वतःचे शुल्क वेगळे असते, ते त्यात धरा.

युरोचा दर शंभराच्या पुढे धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. शिक्षणासाठी एका आर्थिक वर्षात एका पॅनवर दहा लाखांपुढच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर तो लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवणार असाल तर जे दरवर्षी विवरणपत्र भरतात त्यांच्या पॅनवर पाठवा, म्हणजे टीसीएस करात वळता होतो किंवा परत मिळतो.

अबुधाबीतून एक्स्चेंज हाउसने पाठवलेले पैसे परत गेले. (सातपूर)

तीन कारणे आधी तपासा. खात्याच्या प्रकारात ‘एनआरई’ऐवजी साधे बचत खाते लिहिले गेले असेल. भारतातून आल्यासारखी दिसणारी रक्कम एनआरईत जमा होत नाही, परत जाते. नावाचे स्पेलिंग बँकेतल्या नोंदीशी जुळत नसेल. किंवा फॉर्ममधल्या आयबॅनच्या रकान्यात काहीतरी भरले असेल. भारतात आयबॅन नाही. खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी द्यायचा, बँकेकडून थेट पाठवत असल्यास स्विफ्ट कोडही. यूएईचा आयबॅन २३ अक्षरांचा असतो आणि ‘एई’ने सुरू होतो, तो पाठवणाऱ्याच्या खात्याचा असतो, तुमच्या खात्याच्या रकान्यात लिहायचा नाही.

ओटीपी येत नाही, यूपीआय चालत नाही. काय करावे? (नाशिकरोड, सिडको, देवळाली कॅम्प, या विषयावर सर्वांत जास्त पत्रे आली)

भारतीय सिम सोडू नका. इनकमिंग एसएमएससाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू ठेवा आणि रिचार्जची तारीख घरच्या कुणाच्या तरी लक्षात राहील असे करा. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला गेला, तर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. सिमकार्ड घरी ठेवून बाबांना फोनवर ओटीपी विचारण्याची पद्धत सर्रास आहे. ती आम्हाला पटत नाही. घरात मागायची सवय लागली की फसवणाऱ्याच्या फोनलाही ओटीपी सहज सांगितला जातो.

अनेक बँका परदेशी नंबरवर किंवा ईमेलवर ओटीपी पाठवतात, पण त्यासाठी तो नंबर खात्यात नोंदवावा लागतो. हे काम शाखेत, प्रत्यक्ष असताना करा. यूपीआयसाठी जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या मोबाइल नंबरना परवानगी मिळाली: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, यूएई आणि ब्रिटन. नंबर एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडलेला असला पाहिजे. तुमचा देश आता यादीत आहे का, आणि तुमच्या बँकेने ही सोय सुरू केली आहे का, दोन्ही विचारा.

दोन वर्षे खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. बँकेने जमा केलेले व्याज व्यवहारात धरत नाहीत. वर्षातून एकदा शंभर रुपये इकडून तिकडे केले तरी भागते.

वडिलांच्या पश्चात गंगापूर रोडचा फ्लॅट आणि निफाडची द्राक्षबाग माझ्याकडे आली. मी कॅनडात आहे. बागेचे पैसे एनआरईत भरता येतील का? फ्लॅट विकला तर पैसे नेता येतील? (निफाड)

बागेचे पैसे एनआरओत. व्यापाऱ्याचा चेक असो वा ऑनलाइन, ते भारतातले उत्पन्न आहे. वारशाने आलेली शेतजमीन तुम्ही ठेवू शकता, नवी विकत घेऊ शकत नाही.

फ्लॅटचे पैसे नेता येतात. एनआरओतून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर जाते; त्यासाठी कर भरल्याचे सीएचे प्रमाणपत्र आणि आयकर पोर्टलवरचे घोषणापत्र लागते. वारशाचे कागद, म्हणजे मृत्युपत्र किंवा वारस दाखला, बँक मागतेच. खरी मेख टीडीएसची आहे. विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराला निवासी विक्रेत्यासारखा एक टक्का कापून चालत नाही. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, शिवाय अधिभार आणि उपकर, आणि प्रमाणपत्र नसेल तर कपात बहुधा पूर्ण किमतीवर होते. म्हणून करारनामा करण्याआधी आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र घ्या. त्याला काही आठवडे लागतात. विसार घेऊन मग अर्ज केला तर खरेदीदार थांबत नाही. तोवर फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडेकरूनेही तुम्हाला भाडे देताना टीडीएस कापायचा असतो. नाशकात हे माहीत असलेला भाडेकरू क्वचितच भेटतो.

अमेरिकेतून कायमचे परतलो. एनआरईच्या एफडीचे काय? (पाथर्डी फाटा)

परतल्याचे बँकेला लगेच कळवा. एनआरई खाते निवासी होते आणि तेव्हापासूनचे व्याज करपात्र ठरते. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली मुदत ठेव असेल तर मुदत संपेपर्यंत त्याच दराने राहते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचे परकीय चलनातले खाते उघडा. तिथे असताना भारतातल्या सर्व खात्यांतली मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्या वर्षाचे एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती, भरले आहे का ते पाहा. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत ते उत्पन्नात दाखवावे लागते. तिथल्या बँकेतले खाते शेवटचा पगार आणि कराचा परतावा जमा होईपर्यंत बंद करू नका, आणि त्याला जोडलेला अमेरिकी फोन नंबरही तोवर चालू ठेवा.