टिंडर की बंबल?

प्रश्न: ताई, मी डॅलसला असते. डेटिंग ॲपवाल्या दोन कंपन्यांत अप्लाय करायचंय, टिंडरवाली मॅच ग्रुप आणि बंबल. ऑफिसचं वातावरण कुठे बरं असेल?

उत्तर: अगं, या दोघींचं म्हणजे भाऊबंदकीच! बंबलवाली व्हिटनी वुल्फ हर्ड मुळात टिंडरच्या सुरुवातीच्या टीममधली, २०१४ ला बाहेर पडली, लैंगिक छळाची केस टाकली, ती त्याच वर्षी कोर्टाबाहेर मिटली (चूक मात्र कुणी कबूल केली नाही) आणि वर्षाअखेर बंबल सुरू, तेव्हा नियम असा की पहिला मेसेज बाईनेच करायचा. जून २०२१ मध्ये लोक थकलेत म्हणून जवळपास अख्ख्या कंपनीला, साधारण ७०० जणांना, एकदमच आठवडाभर पगारी सुट्टी दिली, म्हणजे परत आल्यावर मेलचा डोंगर नाही. हे मला भारी वाटलं.

पण त्याच बंबलने २०२४ ला साधारण ३५० जणांना नारळ दिला, २०२५ ला परत २४०. मॅचनेही २०२५ ला १३ टक्के माणसं कमी केलीच, तेव्हा तिकडेही फार हुरळू नकोस. इंटरव्ह्यूत सरळ विचार, कपातीनंतर माझ्या टीममध्ये किती जण उरले आणि त्यांचं काम आता कोण करतं. समोरचा चुळबुळला की ओळख काय ते.