आधी कोणता जॉब चढवायचा?

नमस्कार,

अंधेरीच्या छापखान्यात तुम्ही उत्पादनाचं वेळापत्रक लावता आणि टी.वाय.बी.एस्सी. गणिताला असलेली मुलगी ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामाचे निर्णय गणिताने घ्यायचं शास्त्र, शिकायचं म्हणते. तुम्ही विचारलंय, 'मी हे वीस वर्षं अनुभवावर करतोय, त्यात शिकण्यासारखं काय? आणि नोकरीचं काय?'

दोन जॉब, म्हणजे छपाईची दोन कामं, घ्या. एकाला छपाई ५ तास, बाइंडिंग २. दुसऱ्याला छपाई १, बाइंडिंग ६. पहिला आधी चढवलात तर दोन्ही संपायला १३ तास लागतात, दुसरा आधी चढवलात तर ९. मशीन तीच, माणसं तीच. गणितज्ञ जॉन्सन यांनी १९५४मध्ये अशा दोन टप्प्यांच्या कामाचा नियमच दिला: सगळ्यांत कमी वेळ शोधा, तो छपाईचा असेल तर जॉब पुढे, बाइंडिंगचा असेल तर मागे, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा तेच. तुमच्या नजरेला हे आपोआप दिसत असेल. पण मध्ये लॅमिनेशन आलं की हा नियम दरवेळी पुरत नाही. एकाच मशीनवर १० जॉब असतील तर क्रम होतात ३६,२८,८००. त्यात गडद शाईनंतर फिकट घेतली तर धुण्यात जाणारा वेळ, न्हावा शेव्याला अडकलेला कागद, जूनच्या आत पोचायलाच हव्यात अशा वह्या! इथे अनुभवाला गणिताची जोड लागते, आणि तुमची मुलगी तेच शिकायचं म्हणतेय.

नोकऱ्या आहेत, फक्त जाहिरातीत 'प्लॅनिंग', 'सप्लाय चेन ॲनालिटिक्स' अशी नावं शोधा. पवईत आयआयटीत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, बी.एस्सी.नंतर जॅम या आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेचा मार्ग तिने धरावा, पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून तपासावी. नुसत्या सॉफ्टवेअरच्या सर्टिफिकेटवर आत्ता पैसे घालू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सॉफ्टवेअर उत्तर काढतं, प्रश्न माणसालाच मांडावा लागतो. त्यासाठी रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की हवी, सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा.

येत्या शनिवारी तिला कारखान्यात न्या. एका दिवसाचे जॉब तिला वहीत उतरवू द्या, क्रम तिलाच लावू द्या. मेकरेडीचा, म्हणजे छपाईआधी मशीन जुळवण्याचा, वेळ मात्र तुम्ही सांगा. तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो.