ह्यूगो : पार्शलमध्ये मुखपृष्ठाचे मूल्य रिकामे का येते?

ह्यूगो या वेबसाइट तयार करणाऱ्या साधनात मुखपृष्ठाच्या फ्रंट मॅटरमधील (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतील) ‘घोषणा’ टेम्पलेटच्या (पानाच्या साच्याच्या) माथ्यावर नीट उमटते, पण लेखांच्या यादीतील कार्डाच्या पार्शलमध्ये (पुन्हा वापरता येणाऱ्या छोट्या टेम्पलेटमध्ये) ती रिकामी येते, डॉलर ($) लावूनही फरक पडत नाही आणि टर्मिनलवर एररही दिसत नाही, अशी तुमची अडचण आहे. घोषणा जागेवरच आहे. बदलला आहे तो डॉट, म्हणजे टेम्पलेटमध्ये त्या क्षणी हाती असलेली वस्तू दाखवणारे टिंब.

रेंज, म्हणजे यादीतील एकेका घटकावर फिरणारी आज्ञा, सुरू होताच डॉट म्हणजे मुखपृष्ठ न राहता त्या फेरीतला लेख होतो. फ्रंट मॅटरमधील मूल्ये ठेवणारा ‘पॅराम्स’ हा मॅप (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) असल्याने त्यात नसलेली की (नाव) मागितली, तरी गो भाषेचे टेम्पलेट इंजिन तक्रार करत नाही, फक्त काहीच छापत नाही. हीच चूक टॅगांच्या यादीवर फिरताना झाली असती, तर डॉट साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) असल्यामुळे ‘टायटल’ मागताच बिल्ड (साइट तयार होणे) थांबला असता. मला तर तो थांबलेला परवडतो. निदान ओळ क्रमांक हाती लागतो.

डॉलर हा टेम्पलेटच्या आरंभीचा डॉट धरून ठेवतो हे खरे, परंतु पार्शल हे स्वतंत्र टेम्पलेट असते आणि त्याला तुम्ही रेंजमधला डॉट दिला आहे, त्यामुळे तिथे डॉलर म्हणजेही लेखच.

खात्री करायची असेल, तर पार्शलच्या पहिल्याच ओळीत वॉर्नएफ (टर्मिनलवर इशारा छापणारे फंक्शन) लिहून टक्केचिन्हापुढे मोठा टी (%T) ठेवा, म्हणजे डॉटचा प्रकार टर्मिनलवर दिसेल. त्यासोबत लेखाचे शीर्षकही अवश्य छापा, कारण ह्यूगो हुबेहूब सारखा इशारा एकदाच दाखवतो आणि रेंज एकदाच फिरली असा गैरसमज होतो. (मी या गैरसमजात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.) तपासणीपुरते पार्शलकॅश्डही (एकदा तयार झालेले पार्शल साठवून पुन्हा वापरणारे फंक्शन) टाळा; व्हेरियंट (प्रत्येक लेखासाठी वेगळी प्रत ठेवायला सांगणारे मूल्य) दिला नसेल, तर पहिल्या लेखाचेच कार्ड सगळीकडे उमटते.

उपाय असा, की पार्शलला नुसता डॉट न देता डिक्ट (नावांसह मूल्यांचा संच) द्यावा, त्यात (रोमन अक्षरांत) ‘लेख’ या नावाने डॉट आणि ‘मुखपृष्ठ’ या नावाने डॉलर ठेवावा, आणि पार्शलमधील प्रत्येक उल्लेख त्या नावांवरून करावा. एखादा जुना उल्लेख तसाच राहिला, तर तोही पुन्हा निमूटपणे रिकामा येईल.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक वेगळी चूक आहे: इफ या अटीच्या ब्लॉकमध्ये तुम्ही रंगाचे व्हेरिएबल := ने लिहिले आहे; त्याने त्या ब्लॉकपुरते नवे व्हेरिएबल तयार होते आणि बाहेरचे जुनेच राहते. तिथे नुसते = हवे.