म्हाताऱ्या कुत्र्याला थंडीत शी-शूची सवय लावताना

अगं आधी एक कर, कुत्रं घरातच शी-शू करतंय म्हणून त्याला ओरडू नकोस. आठ वर्षांचं कुत्रं नवीन घरात आलंय, त्यात ही नाशिकची डिसेंबरची थंडी, पहाटे गार फरशीवर पाय टेकवायलाच त्याला नको वाटत असणार. आधी व्हेटकडे जाऊन लघवी आणि सांधे तपासून घे, कारण या वयात इन्फेक्शन, डायबेटिस, सांधेदुखी काहीही असू शकतं आणि आपण उगाच ट्रेनिंग करत बसतो. आमच्या शेरूचं असंच झालेलं, महिनाभर मी त्यालाच दोष देत होते, नंतर कळलं की सांधे दुखतात म्हणून जिना उतरत नव्हता बिचारा, अजून वाईट वाटतं मला.

सगळं नॉर्मल असेल तर उठल्यावर, जेवल्यावर, झोपायच्या आधी आणि मध्ये दर दोन-तीन तासांनी स्वेटर घालून खाली ने, रोज त्याच जागी, आणि त्याने केलं की तिथल्या तिथे खाऊ दे, घरी येऊन दिलास तर त्याला कळत नाही कशाबद्दल मिळाला. थंडी आहे म्हणून पाणी कमी करू नकोस हं, कोमट करून दे. घरात झालंच तर एन्झाइमवालं क्लीनर वापर, वास राहिला की परत तिथेच जातात.