माद्रिदहून लिस्बन वीस मिनिटांत?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून तेथून लिस्बन पाहण्याचा बेत आहे. तिकिटावर माद्रिदहून सुटण्याची वेळ सकाळी 10.05 व लिस्बनला पोहोचण्याची 10.25 आहे; परतीचे विमान मात्र सायंकाळी 6.30 ला निघून रात्री 8.50 ला पोहोचते. जाताना वीस मिनिटे आणि येताना दोन तास वीस मिनिटे, हे कसे? अंतर किती आहे, आणि रेल्वेने जाणे बरे नाही का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तिकीट बरोबर आहे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाची असते आणि पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे चालते, म्हणून जाताना एक तास गळतो व येताना तेवढाच वाढतो. दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून ती निम्मी केली की घड्याळांतला फरक आपोआप वजा होतो : दोन तास चाळीस मिनिटांचे निम्मे, म्हणजे एक तास वीस मिनिटे. हा वेळही विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. प्रत्यक्ष हवेत ते तासाभराच्या आसपासच असते.

हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर आहे. नांदेडहून मुंबई सरळ रेषेत जवळपास तेवढीच दूर, पण तपोवन एक्सप्रेस परभणी, जालना, मनमाड असा वळसा घेत जाते, तेव्हा रुळांवरचे अंतर सहाशेच्या घरात जाते. माद्रिद-लिस्बन रस्ताही असाच सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास भरतो.

खरे नवल स्पेनच्या घड्याळाचे आहे. माद्रिद ग्रीनिचच्याही पश्चिमेला असल्यामुळे त्याची वेळ लंडनसारखी असायला हवी होती. परंतु 1940 मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने घड्याळे एक तास पुढे नेली आणि ती पुढेच राहिली. उन्हाळ्यात युरोपात बहुतेक ठिकाणी आणखी एक तास वाढवला जात असल्याने मे महिन्यात माद्रिदला सूर्य दुपारी दोन वाजून गेल्यावर माथ्यावर येतो. आपले परतीचे विमान रात्री 8.50 ला उतरेल तेव्हाही बाहेर उजेड असेल. पोर्तुगालनेही 1992 मध्ये स्पेनसारखीच मध्य युरोपीय वेळ स्वीकारून पाहिली होती. 1996 मध्ये ती सोडून दिली.

रेल्वेचा विचार मात्र सोडावा. दोन्ही राजधान्यांना जोडणारी रात्रीची थेट गाडी 2020 मध्ये बंद पडली, आणि तेव्हापासून वाटेत गाड्या बदलत जाण्यात अख्खा दिवस मोडतो. उतारवयात सामानासह हा खटाटोप कशाला? दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे लिस्बनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, तरी पारपत्र जवळ ठेवावे. परभणीला फोन करताना मे महिन्यात माद्रिदच्या वेळेत साडेतीन आणि लिस्बनच्या वेळेत साडेचार तास मिळवावेत.