आधी माणूस, मग जागा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बारा वर्षांखालच्या मुलांच्या लॅक्रॉस संघाला बचाव शिकवायचं काम तुझ्याकडे सोपवलंय हे वाचून मनापासून आनंद झाला. मेरीलँडमध्ये लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ, हा 2004 पासून राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. तिथे मैदानाच्या कडेला उभे असलेले कितीतरी पालक स्वतः खेळलेले असतात आणि प्रत्येकाचं ठाम मत असतं. सुरुवातीच्या सामन्यांत गोल बरेच पडले, म्हणून त्यांनी 'झोन लावा', म्हणजे एकेकाने समोरचा एकेक माणूस धरण्याऐवजी (मॅन-टू-मॅन) मैदानातली आपापली जागा राखावी, असा धोशा लावलाय आणि तू विचारतोयस, लावू का?

नको लावूस. निदान या हंगामात तरी नको. का, ते सविस्तर लिहितो, कारण उद्या तुला हेच पालकांना समजावून सांगायचं आहे.

झोन लावलास तर पुढचे काही सामने बहुधा जिंकाल, हे आधीच सांगून टाकतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पंधरा यार्डांवरून जोरकस आणि नेमका फटका मारणं जड जातं. एका कडेकडून दुसऱ्या कडेला लांब पास दिला तर चेंडू हवेत इतका रेंगाळतो की मधलं कुणीही तो अडवतं. त्यामुळे सहा मुलं गोलसमोर दाटीने उभी केली की समोरच्यांना वाटच सापडत नाही. पण तो विजय तुझ्या मुलांच्या बचावाचा नसतो, समोरच्यांच्या कच्च्या पासिंगचा असतो. दोन वर्षांनी समोरची मुलं पास नीट देऊ लागतात, बाहेरून फटके मारू लागतात. तुझ्या मुलांना मात्र अंगावर धावून येणाऱ्याला पायांच्या जोरावर कसं अडवायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. बास्केटबॉलवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी मिळून मुलांसाठी जी नियमावली सुचवली आहे, तिच्यात सगळ्यांत लहान गटांना झोन खेळू देऊ नये असंच म्हटलंय.

झोनमध्ये नेमकं काय होतं ते आट्यापाट्या आठवलं की पटकन डोळ्यांसमोर येतं. प्रत्येकाने आपली पाटी धरायची आणि मधल्या सूरपाटीवर सूर धावणार. लॅक्रॉसच्या नेहमीच्या झोनमध्येही पाच जण कडेने आपापला पट्टा सांभाळतात आणि सहावा मधोमध, क्रीजजवळ, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळाजवळ. त्याला बॅकर म्हणतात. कागदावर सुंदर दिसतं. पण लॅक्रॉसमध्ये गोलच्या मागेही 15 यार्ड मैदान असतं आणि चेंडू तिथेही खेळवता येतो. तिथेच, 'एक्स'वर, चेंडू गेला की तुझी सहाही मुलं माना वळवून मागे बघायला लागतात. नेमक्या त्याच क्षणी समोरचा एखादा कटर, म्हणजे चेंडूशिवाय मोकळ्या जागेत धावणारा खेळाडू, वरून (मैदानाच्या मध्याकडून), त्यांच्या पाठीमागून, क्रीजकडे सुटतो. तो कुणाचा? एकाच्या पट्ट्यातून निघालेला, दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरलेला. मोठी मुलं ओरडून तो एकमेकांकडे सोपवतात. बारा वर्षांच्या मुलाला वाटतं, शेजारी बघेल. मॅन-टू-मॅनमध्ये निदान हा प्रश्न उरत नाही. गोल झाला तर कुणाचा माणूस सुटला हे त्या मुलालाही कळतं, आणि त्याला पुढच्या वेळेसाठी काय करायचं ते सांगता येतं.

दुसरी एक गोष्ट बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. फटका गोलच्या बाहेर गेला तर रेषा ओलांडताना चेंडूच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याच्या संघाला चेंडू मिळतो. झोनमधली मुलं गोलला पाठ करून गोळा झालेली असतात, मागे धावायला कुणी नसतं. समोरचे मारत राहतात, चेंडू परत घेत राहतात. कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात 2019 पासून 80 सेकंदांचं शॉट क्लॉक आहे, तिथे हल्ला कधीतरी संपवावाच लागतो. तुझ्या मुलांना तशी सोडवणूक नाही.

आता मॅन-टू-मॅनबद्दल. 'आपापला माणूस धरा' एवढंच सांगून मुलांना मैदानात सोडलंस, तर झोनपेक्षा वाईट हाल होतील. सगळी मुलं आपल्या माणसाच्या मागे मागे फिरतील आणि समोरचा एक चपळ पोरगा मधून सरळ धावत जाऊन गोल करेल. तुझ्या पत्रावरून तर हेच झालेलं दिसतंय. म्हणजे चूक मॅन-टू-मॅनची नाही, ते अजून अर्धवटच शिकवलं गेलंय.

चेंडूवाल्यासमोरच्या मुलापासून सुरुवात कर. या वयोगटात अंगावर धडक देणं नियमात बसत नाही, म्हणजे बचाव पायांचाच. पहिले काही सराव लांब स्टिका गाडीतच राहू देत. सहा फुटी स्टिक हातात आली की मुलाला ती फिरवावीशी वाटते, पाय थांबतात आणि पंच स्लॅशिंगची, म्हणजे स्टिकने बेफाम मारल्याची, शिट्टी वाजवतो. एकास एक खेळवताना बचाव करणाऱ्याला स्टिक उलटी धरायला लाव, जाळी खाली आणि दांडा वर. आता चेंडू हिसकावणं जमणारच नाही, फक्त आडवं राहणं जमेल. नजर समोरच्याच्या कमरेवर, कारण स्टिक आणि खांदे फसवतात. गोलमागून येणाऱ्याला जिथे पोचायचं असतं ती जागा मुलांना शंकू ठेवून दाखव: गोलपासून पाच यार्ड बाजूला आणि पाच यार्ड वर. त्या शंकूवर तो येण्याआधी आपण पोचायचं आणि तिथून त्याला परत मागे वळवायचं. मुलगा तिथे वेळेवर पोचला आणि समोरचा मागे फिरला, की जोरात शाबासकी दे. चेंडू हिसकावला नाही तरी चालेल.

मग स्लाइड, म्हणजे मदतीला धावणं. चेंडूवाला चुकवून गेला आणि मुलगा मागे पडला की मदतीला कोण जाणार, हे आधी ठरलेलं हवं आणि आधीच ओरडून सांगितलेलं हवं. जाणारा 'हॉट' म्हणतो, त्याची रिकामी जागा भरणारा 'टू' म्हणतो. मोठ्या संघांत बऱ्याचदा क्रीजवरचा बचावपटू मदतीला जातो. तुझ्या वयोगटात मी शेजाऱ्यालाच पाठवीन. त्याला चेंडू समोर दिसत असतो, अंतर कमी असतं आणि तो सोडून जातो तो माणूस गोलच्या तोंडाशी नसून बाहेर असतो. सर्वांत जास्त वेळ मात्र मागे पडलेल्या मुलावर घालव. मुलं मागे पडली की हमखास उभी राहून बघत बसतात. त्याने वळून थेट क्रीजकडे धावायचं आणि मग मोकळा कोण आहे ते शोधायचं. स्लाइड उशिरा झाली म्हणून कुणाला ओरडू नकोस. ओरडा खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी आपल्या माणसाला चिकटून राहतो आणि मदतीला जातच नाही.

हे सगळं जमू लागलं की तुला दिसेल, चेंडूपासून लांब असलेली मुलं आपल्या माणसापासून दोन-तीन पावलं आत सरकून, एक डोळा चेंडूवर ठेवून, खरं तर जागाच राखतायत. मला म्हणायचंय ते हेच. चांगल्या मॅन-टू-मॅनच्या पोटातच झोन असतो. माणूस राखणं शिकलेल्या मुलाला पुढे जागा राखणं शिकवता येतं, पण उलट्या क्रमाने शिकवायला गेलं की फार जड जातं.

आणि झोन तुला थोडा शिकवावा लागणारच आहे. तुमच्या एकाला पेनल्टी लागून बाहेर बसावं लागलं की तीस सेकंद किंवा एक मिनिट पाच जणांना सहांना तोंड द्यावं लागतं. तिथे माणसागणिक माणूस पुरतच नाही, जागाच धरावी लागते. तीच तुझी झोनची शाळा. दर सरावात दहा मिनिटं पाच विरुद्ध सहा खेळव. स्टिक वर, पास जाण्याच्या वाटेत. चेंडू फिरेल तसे पाचही जण एकदम सरकले पाहिजेत. चौदा वर्षांखालच्या गटात गेल्यावर ही मुलं पूर्ण झोन पटकन उचलतील.

एकच अपवाद करीन. स्पर्धेच्या दिवशी लागोपाठ सामने असतात. उन्हात शेवटच्या सामन्याला बदली खेळाडू उरले नाहीत आणि मुलांचे पाय चालेनात, तर खुशाल झोन लाव. तेव्हा मुलांना जपणं महत्त्वाचं.

गोलकीपर निवडताना आवाज बघ. चेंडू कुठे आहे हे त्याने सतत सांगत राहायचं असतं, आणि क्रीजवर पास सुटला की 'चेक' ओरडायचं, म्हणजे प्रत्येकाने आपल्या माणसाच्या स्टिकवर स्टिक घालायची. बुजऱ्या मुलालाही हे जमतं, पण त्याला घरी मोठ्याने सराव करायला सांग आणि आईवडिलांना कल्पना देऊन ठेव.

पालकांना भेटशील तेव्हा आकडे घेऊन जा. प्रत्येक सामन्यात किती वेळा मुलांनी चेंडूवाल्याला त्या शंकूच्या जागेवरून परत फिरवलं आणि किती स्लाइड वेळेवर झाल्या, हे एखाद्या पालकालाच वहीत टिपायला सांग. सर्वांत जास्त तक्रार करणारे गृहस्थ असतील त्यांनाच सांग.

पुढच्या आठवड्याच्या सरावाचा आराखडा पाठव, आणि तुझ्याकडे नेमके किती बचावपटू आहेत तेही कळव.

तुझा,
काका