आधी हक्क, मग स्कॅनर

जुन्या वस्तूंचा संग्रह ऑनलाइन खुला करायचा असेल, तर स्कॅनिंगची घाई करू नका. आधी प्रत्येक वस्तूपुढे लिहा: कॉपीराइट संपलाय, चालू आहे, की हक्कदार सापडत नाही? हे कंटाळवाणं काम मागे टाकलं की अख्खा संग्रह अडकतो. माझा अडकला होता. मुदत संपलेल्या चित्राच्या साध्या स्कॅनवर नवा हक्क सांगत बसू नका. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये ३,७५,००० प्रतिमा सीसी झिरोखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून देऊन, खुल्या केल्या, अगदी व्यापारी वापरासाठीसुद्धा. स्कॅनची मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा टिकवणारी मोठी फाइल) जपा, लोकांना जेपेग (हलकी फाइल) द्या, पण नखाएवढी नको! झूम करून अक्षर वाचता आलं पाहिजे. धार्मिक विधींचे फोटो असतील, तर कायदा आड येत नसला तरी आधी त्या समाजाला विचारा.